लढाया हरून युद्ध जिंकता येतं का? अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा उलटा हिशेब

४ जुलै २०२६ म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची २५० वर्षं. या निमित्तानं जॉर्ज वॉशिंग्टन पुन्हा सगळीकडे दिसतो: घोड्यावर, होडीत, नोटेवर. एवढा मोठा सेनापती म्हटल्यावर त्यानं जिंकलेल्या लढायांची यादी मोठी असेल असं कुणालाही वाटेल. ती काढायला बसलं की घोळ सुरू होतो. लाँग आयलंडला हरला. ब्रँडीवाइनला हरला, जर्मनटाउनला हरला. त्याच्या सहकाऱ्यांनी चार्ल्सटन घालवलं, कॅम्डनला तर पार धूळधाण झाली. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, चार्ल्सटन, सव्हाना ही त्या काळातली मोठी शहरं कधी ना कधी ब्रिटिशांच्या ताब्यात होतीच. न्यूयॉर्क तर १७७६ पासून युद्ध संपेपर्यंत त्यांनी सोडलं नाही.

आणि तरी ३ सप्टेंबर १७८३ ला पॅरिसमध्ये तह झाला, त्यात स्वातंत्र्य मान्य करायची पाळी ब्रिटनवर आली.

हे झालं कसं? ‘अमेरिकनांची जिद्द’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. जिद्द हरणाऱ्यांकडेही असते. कोणती लढाई कुणी जिंकली यापेक्षा त्या लढाईत कुणाचं काय खर्ची पडलं, आणि ते कुणाला भरून काढता आलं, हे पाहिलं तर चित्र बरंच स्पष्ट होतं.

कोण कुणाशी लढत होतं

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ब्रिटनच्या तेरा वसाहती होत्या. लोकसंख्या साधारण २५ लाख, त्यातले पाचएक लाख गुलाम. १७६३ मध्ये फ्रान्सशी चाललेलं सात वर्षांचं युद्ध ब्रिटननं जिंकलं, पण कर्जाचा डोंगर उभा राहिला. त्यातला काही भार वसाहतींवर टाकायचं लंडननं ठरवलं. ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस नाही तिनं आमच्यावर कर का लावावा, हा वसाहतींचा सवाल. बहिष्कार, दंगली, १७७३ मध्ये बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या पाण्यात. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टन आणि काँकर्डला गोळ्या झाडल्या गेल्या.

पुढचं समजायला तीन नावं लागतील. पहिलं ‘कॉन्टिनेंटल आर्मी’: वॉशिंग्टनच्या हाताखालची पगारी, नियमित फौज. पगारी म्हणायचं खरं, पण पगार वेळेवर मिळेलच असं नाही. दुसरं ‘मिलिशिया’: गावोगावचे शेतकरी, कारागीर, जे बोलावणं आलं की घरची बंदूक घेऊन यायचे आणि पेरणी-कापणीला परत जायचे. तिसरं ‘लॉयलिस्ट’: राजाशी निष्ठा ठेवणारे अमेरिकन. हे थोडेथोडके नव्हते, आणि त्यामुळे कित्येक ठिकाणी हे युद्ध भाऊबंदकीचंच होतं. ब्रिटिशांच्या बाजूनं जर्मन संस्थानिकांकडून भाड्यानं घेतलेले सैनिकही होते, एकूण तीस हजारांच्या आसपास. त्यातले बरेचसे हेसे संस्थानातले, म्हणून सगळ्यांनाच ‘हेशियन’ म्हणायची पद्धत पडली.

खाली पडणं वेगळं, चीतपट वेगळं

मातीतली निकाली कुस्ती आठवा. एखादा पैलवान दहा वेळा खाली येतो, पालथा पडतो, कडेला रेटला जातो. प्रेक्षकांना वाटतं, हा संपला. पण पाठ मातीला लागत नाही तोवर कुस्ती संपत नाही, आणि वरचा पैलवान तेवढा वेळ दमत असतो.

ब्रिटिशांना हे युद्ध जिंकायचं तर वॉशिंग्टनची फौज चीतपट करायला हवी होती. तिला मैदानातून हाकलणं पुरेसं नव्हतं. पहिल्याच मोठ्या लढाईत, १७ जून १७७५ ला बॉस्टनजवळ बंकर हिलला, हे दिसून आलं. टेकडीवर मिलिशियाचे लोक मातीचा बांध घालून बसले होते. ब्रिटिशांनी रांगा करून चढाई केली, दोनदा मागे फिरले, तिसऱ्यांदा वरच्यांची बंदुकीची दारू संपली आणि टेकडी ब्रिटिशांना मिळाली. विजय ब्रिटिशांचा. मात्र त्यांचे हजारावर लोक ठार-जखमी झाले, अमेरिकनांचे साडेचारशेच्या आसपास. नॅथॅनिएल ग्रीन नावाच्या एका अमेरिकन अधिकाऱ्यानं लिहिलं की याच भावानं आणखी एक टेकडी त्यांना विकायला मिळाली तर बरं होईल. हा ग्रीन पुढे पुन्हा भेटणार आहे.

भाव हा शब्द इथे नेमका बसतो. ब्रिटिश शिपाई अटलांटिकपलीकडून जहाजानं यायचा. त्याची भरती, कवायत, प्रवास, खाणं सगळं महाग. तो पडला तर दुसरा यायला महिने लागायचे. लंडनहून हुकूम यायलाच दीड-दोन महिने जात. अमेरिकन बाजूला शिपाई कच्चा, उपाशी, बऱ्याचदा अनवाणी. पण तो पडला तर दुसरा मागच्या गावातून यायचा.

न्यूयॉर्क: नीट हरण्याची कला

१७७६ च्या उन्हाळ्यात ब्रिटननं तीस हजारांहून जास्त सैनिक आणि शेकडो जहाजं न्यूयॉर्कला आणली. ब्रिटननं तोवर परदेशी पाठवलेल्या मोहिमांमध्ये एवढी मोठी मोहीम नव्हती. ‘ब्रिटिशांनी मनापासून लढाई केलीच नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

वॉशिंग्टननं इथे चूक केली. ज्या शहराभोवती पाणी आहे आणि पाण्यावर शत्रूचं आरमार आहे, ते शहर राखायला तो बसला. २७ ऑगस्टला लाँग आयलंडवर जनरल हाऊनं एका जवळजवळ मोकळ्या सोडलेल्या खिंडीतून रात्रीत फौज फिरवली आणि अमेरिकनांच्या पाठीत आला. उरलेले लोक ब्रुकलिनच्या मोर्च्यांत कोंडले गेले. समोर शत्रू, मागे ईस्ट रिव्हर. दुसऱ्या दिवशीही हल्ला चढवला असता तर कदाचित युद्ध तिथेच संपलं असतं. पण हाऊला बंकर हिलचा भाव आठवत असावा. त्यानं घाई न करता खंदक खणत पुढे सरकायचं ठरवलं.

२९ ऑगस्टच्या रात्री जे झालं ते मला या सबंध युद्धातलं सर्वात मोठं काम वाटतं, आणि ते पळ काढण्याचं काम आहे. वॉशिंग्टननं मिळेल ती होडी जमवली. वल्हवायला मार्बलहेड गावचे कोळी होते, त्यांच्या पलटणीचा प्रमुख जॉन ग्लोव्हर. गाड्यांच्या चाकांना कापड गुंडाळलं, बोलायला बंदी. मोर्च्यावरच्या शेवटच्या तुकड्यांनी शेकोट्या पेटत्या ठेवल्या. रात्रभर होड्या ये-जा करत राहिल्या. उजाडलं तरी काही लोक उरलेच होते, पण पहाटे दाट धुकं उतरलं आणि तेही निघून गेले. सुमारे नऊ हजार माणसं एका रात्रीत पलीकडे. सकाळी ब्रिटिश पुढे आले तर मोर्चे रिकामे.

शहर गेलं. नोव्हेंबरमध्ये फोर्ट वॉशिंग्टनही गेला, तिथे २,८०० च्या वर लोक कैद झाले. पाठ जमिनीला टेकायला बोटभर अंतर राहिलं होतं. वॉशिंग्टन न्यू जर्सीतून मागे हटत गेला, आणि त्याच्या बहुतेक सैनिकांची मुदत ३१ डिसेंबरला संपत होती. म्हणजे नव्या वर्षात फौजच उरणार नाही अशी अवस्था.

मग २५ डिसेंबरच्या रात्री बर्फाचे तुकडे वाहून आणणाऱ्या डेलावेअर नदीतून २,४०० माणसं आणि १८ तोफा पार करून त्यानं सकाळी ट्रेंटनला हेशियनांच्या तळावर झडप घातली. नऊशेच्या आसपास कैदी. आठवड्याभरानं लॉर्ड कॉर्नवॉलिस त्याला पकडायला ट्रेंटनला आला. २ जानेवारीच्या रात्री वॉशिंग्टननं पुन्हा शेकोट्या पेटत्या ठेवल्या, मागच्या वाटेनं निसटला आणि सकाळी प्रिन्स्टनला दुसऱ्याच ब्रिटिश तुकडीवर आदळला.

लष्करी दृष्टीनं ट्रेंटन आणि प्रिन्स्टन या लहान लढाया. त्यांचं खरं मोल असं की मुदत संपलेले काही लोक थांबले आणि नवे लोक भरती झाले. शिवाय ब्रिटिशांनी न्यू जर्सीतले बहुतेक तळ सोडले. त्या हिवाळ्यात त्यांच्या तुकड्या घोड्यांसाठी चारा आणायला बाहेर पडल्या की मिलिशिया गाठायचीच. गवताच्या गाडीसाठी शिपाई मरू लागले.

राजधानी घेतली, आता काय?

युरोपात राजधानी पडली की राजा तहाला बसतो. हाऊनं १७७७ मध्ये हाच हिशेब केला. ११ सप्टेंबरला ब्रँडीवाइनला त्यानं वॉशिंग्टनला पुन्हा बगलेतून गाठलं, हरवलं, आणि महिनाअखेरीस फिलाडेल्फिया घेतलं. अमेरिकन काँग्रेसनं कागदपत्रं गोळा केली आणि आत यॉर्क नावाच्या गावी जाऊन बैठक भरवली. कारभार एका शहरात अडकलेलाच नव्हता. दहातले नऊ लोक खेड्यापाड्यांत राहत होते, आणि तिथे ब्रिटिशांचा अंमल त्यांची बंदूक पोहोचेल तेवढाच.

हाऊ फिलाडेल्फियात असताना उत्तरेत जनरल बर्गॉइन कॅनडाहून हडसनच्या खोऱ्याकडे उतरत होता. न्यू इंग्लंड बाकीच्या वसाहतींपासून तोडायचं ही योजना. सुरुवात झकास झाली: ६ जुलैला टिकोंडेरोगाचा किल्ला न लढता हाती आला. पुढे जंगल. अमेरिकनांनी झाडं पाडून वाट अडवली, ओढ्यांचे पूल तोडले. तोफा आणि सामान घेऊन निघालेल्या फौजेला चाळीसच्या आसपास पूल बांधावे लागले, आणि जेमतेम ३५-४० किलोमीटरला तीन आठवडे लागले. मागचा रसद-मार्ग रोज लांबत होता. धान्य आणि घोडे आणायला बेनिंग्टनकडे पाठवलेली तुकडी मिलिशियानं जवळजवळ संपवली. तिच्या मदतीला गेलेल्यांसकट नऊशेच्या आसपास माणसं गेली.

१९ सप्टेंबरला साराटोगाजवळ फ्रीमनच्या शेतावर लढाई झाली. संध्याकाळी शेत ब्रिटिशांच्या ताब्यात, म्हणजे कागदावर विजय. पण त्यांची सहाशेच्या आसपास माणसं पडली होती, अमेरिकनांची त्याच्या निम्मी, आणि अमेरिकनांकडे रोज नवे लोक येत होते. ७ ऑक्टोबरच्या दुसऱ्या लढाईत बर्गॉइन हरला, १७ ऑक्टोबरला पाच हजारांवर सैनिकांसह शरण आला. एवढी माणसं गमावून तो पराभव भरून निघणार नव्हता. ही खरी चीतपट.

फ्रान्स आतापर्यंत चोरून दारूगोळा पाठवत होता. ६ फेब्रुवारी १७७८ ला त्यानं उघड करार केला. लगेच ब्रिटिशांना भीती वाटू लागली की फ्रेंच आरमार येऊन आपल्याला अडकवेल. जूनमध्ये त्यांनी फिलाडेल्फिया सोडलं. जी राजधानी घ्यायला एवढी मोहीम काढली, ती कुणी हिसकावून न घेता रिकामी करावी लागली.

दक्षिणेतला ग्रीन, ज्यानं एकही लढाई धड जिंकली नाही

उत्तरेत गाडं अडलं म्हणून ब्रिटिशांनी मोर्चा दक्षिणेकडे वळवला. तिथे लॉयलिस्ट जास्त आहेत, ते गावं सांभाळतील, असा विचार. सुरुवात पुन्हा जोरदार. १२ मे १७८० ला चार्ल्सटन पडलं, पाच हजारांच्या वर लोक कैद झाले. बेंजामिन लिंकन हा अमेरिकन सेनापती शरण आला. ऑगस्टमध्ये कॅम्डनला कॉर्नवॉलिसनं दुसरी फौज उडवली. तिचा सेनापती गेट्स घोड्यावर बसला तो रात्री शंभरेक किलोमीटरवरच्या शार्लटलाच उतरला. साराटोगाचा विजेता म्हणून हाच गेट्स गाजला होता.

आता दक्षिण संपायला हवी होती. इथे ब्रिटिशांनी एक कागदी चूक केली, आणि मला ती कुठल्याही हरलेल्या लढाईपेक्षा मोठी वाटते. चार्ल्सटनला शरण आलेल्या मिलिशियाच्या लोकांना ‘घरी बसा, पुन्हा शस्त्र उचलू नका’ या वचनावर सोडलं होतं. पुष्कळजण खरंच घरी बसले. मग ३ जूनला जनरल क्लिंटननं जाहीरनामा काढला: नुसतं गप्प बसून चालणार नाही, राजाशी निष्ठेची शपथ घ्या आणि बोलावलं की मदतीला या, नाहीतर बंडखोर समजू. कुंपणावर बसलेल्यांना त्यानं कुंपणावरून उतरायला लावलं, आणि बरेचजण पलीकडच्या बाजूला उतरले. दलदलीतून छापे घालणारा फ्रान्सिस मॅरियन, थॉमस सम्टर यांच्या टोळ्या वाढल्या. ऑक्टोबरमध्ये किंग्ज माउंटनला हजारभर लॉयलिस्टांची अख्खी तुकडी खलास झाली. त्या लढाईत दोन्हीकडून लढणारे जवळजवळ सगळे अमेरिकनच होते. त्यानंतर लॉयलिस्ट उघडपणे पुढे यायला कचरू लागले.

डिसेंबरमध्ये नॅथॅनिएल ग्रीन दक्षिणेत आला. हाताशी मोजकी, फाटकी फौज. तीही त्यानं दोन भागांत विभागली. हे पुस्तकी नियमाविरुद्ध, पण एका जागी सगळ्यांना पुरेल एवढं अन्नच नव्हतं.

एक भाग डॅनियल मॉर्गनकडे. त्याच्या मागे कॉर्नवॉलिसचा तडफदार घोडदळ अधिकारी टार्लटन. १७ जानेवारी १७८१ ला गुरं चारायच्या काउपेन्स नावाच्या माळावर मॉर्गन थांबला. मिलिशिया संगिनी समोर आल्या की पळते, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं पळणं योजनेतच धरलं. आदल्या रात्री तो शेकोटी-शेकोटीवर फिरला आणि लोकांना सांगत राहिला: दोन बार नेम धरून काढा, अधिकाऱ्यांवर काढा, मग मागे या. सकाळी तसंच झालं. पुढची रांग दोन बार काढून मागे वळली. टार्लटनच्या लोकांना वाटलं हे पळाले. ते रांगा मोडून धावत टेकाडावर चढले, आणि पलीकडे कॉन्टिनेंटलची पक्की रांग उभी. तासाभराच्या आत ब्रिटिशांचे शंभराहून जास्त ठार, सातशेवर कैद. अकराशेतले फार थोडे परत गेले.

कॉर्नवॉलिस चिडला. मॉर्गन-ग्रीनला गाठायचं तर वेग हवा. रॅमसूर्स मिल या गिरणीपाशी त्यानं गाड्या जाळल्या: तंबू, जादा कपडे, रमची पिंपं, सगळं. आधी स्वतःचं सामान आगीत टाकलं, मग बाकीच्यांनी. ऐन हिवाळ्यात, तळापासून शेकडो किलोमीटर दूर. ग्रीन पुढे पळत राहिला. डॅन नदीवर होड्या त्यानं आधीच जमवून ठेवल्या होत्या. तो पार झाला आणि कॉर्नवॉलिस नदीकाठी रिकाम्या हातांनी उभा राहिला.

१५ मार्चला गिलफर्ड कोर्टहाउसला ग्रीन शेवटी उभा ठाकला. कॉर्नवॉलिसकडे १,९००, ग्रीनकडे त्याच्या दुप्पट, पण बरेच नवखे. मैदान कॉर्नवॉलिसनं मारलं, ग्रीन मागे हटला. ब्रिटिशांचे पाचशेवर लोक ठार-जखमी, म्हणजे चारातला एक. ‘अशी आणखी एक जीत झाली तर आपली फौजच बुडेल,’ अशा अर्थाचं चार्ल्स जेम्स फॉक्स लंडनच्या पार्लमेंटमध्ये बोलला. जखमींना द्यायला तंबू नव्हते, ते गिरणीपाशी जळाले होते. कॉर्नवॉलिस समुद्रकिनाऱ्याकडे वळला आणि पुढे व्हर्जिनियात गेला. ग्रीन त्याच्यामागे न जाता दक्षिण कॅरोलिनात उतरला.

तिथेही तो हरतच राहिला. २५ एप्रिलला हॉबकर्क्स हिलला तरुण लॉर्ड रॉडननं त्याला हरवलं. ‘आम्ही लढतो, मार खातो, उठतो आणि पुन्हा लढतो,’ हे ग्रीनचं प्रसिद्ध वाक्य त्यानंतरच्या पत्रातलं. आता गंमत पाहा: ही लढाई जिंकलेल्या रॉडननं पंधरवड्याच्या आसपास कॅम्डन सोडलं, कारण रसद येण्याच्या वाटेवरच्या चौक्या मॅरियनसारख्यांनी तोडल्या होत्या. नाइन्टी सिक्स या ठाण्याला ग्रीननं घातलेला वेढा फसला, मग ते ठाणंही ब्रिटिशांनी सोडलं. सप्टेंबरमध्ये यूटॉ स्प्रिंग्जलाही तेच. वर्ष संपताना दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियात त्यांच्याकडे चार्ल्सटन, सव्हाना आणि त्यांच्या आसपासचा पट्टा एवढंच उरलं.

‘मग जिंकून दिलं ते फ्रान्सनंच ना?’

शेवट फ्रान्सशिवाय झाला नसता, हे सरळ मान्य करावं. कॉर्नवॉलिस व्हर्जिनियात यॉर्कटाउनला समुद्राकडे तोंड करून बसला, कारण समुद्र नेहमी ब्रिटिशांचाच असायचा. ५ सप्टेंबर १७८१ ला चेसापीक खाडीच्या तोंडाशी द ग्रासच्या फ्रेंच आरमारानं ब्रिटिश ताफ्याला परत पाठवलं. या लढाईत एकही अमेरिकन जहाज नव्हतं, आणि तरी स्वातंत्र्याच्या दृष्टीनं सर्वात महत्त्वाची लढाई हीच. वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशाम्बो न्यूयॉर्कजवळून दौड मारत आले, तीन आठवडे वेढा पडला, १९ ऑक्टोबरला सात हजारांवर माणसं शरण आली. कॉर्नवॉलिसनं आजारी असल्याचं कळवून आपल्या हाताखालच्याला तलवार घेऊन पाठवलं. वॉशिंग्टननंही मग ती स्वतः न घेता आपल्या हाताखालच्याकडे बोट दाखवलं. तो होता बेंजामिन लिंकन, चार्ल्सटनला शरण गेलेला.

पण फ्रान्स आला कशामुळे? साराटोगामुळे. आणि फ्रेंच आरमार नेमक्या वेळी आलं तेव्हा कॉर्नवॉलिस त्या खाडीत होता, तो ग्रीनमुळे. मित्र मदतीला येतो तोवर कुस्ती चालू ठेवावी लागते, ते काम अमेरिकनांनी केलं.

यॉर्कटाउननंतरही न्यूयॉर्क आणि चार्ल्सटन ब्रिटिशांकडेच होती, फौजही होती. संपली ती लंडनची तयारी. फ्रान्स, स्पेन, हॉलंड सगळे विरोधात, कॅरिबियन बेटांपासून हिंदुस्थानपर्यंत आघाड्या, कर्ज वाढत चाललेलं. फेब्रुवारी १७८२ मध्ये पार्लमेंटनं अमेरिकेतलं आक्रमक युद्ध थांबवायचा ठराव केला, मार्चमध्ये पंतप्रधान नॉर्थनं राजीनामा दिला.

‘हा तर आपला गनिमी कावाच झाला’

अर्धाच. मॅरियनचे छापे, रसद तोडणं, काउपेन्सची फसवी माघार हे वाचताना मराठी माणसाला ओळखीचं वाटणारच. पण वॉशिंग्टनला मिलिशियावर भरवसा नव्हता. त्याला युरोपी पद्धतीची, रांगेत उभी राहणारी फौज हवी होती. म्हणूनच १७७७-७८ च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जला, रोगराईनं दोनेक हजार माणसं मरत असतानाही, फॉन स्टॉयबेन या प्रशियन अधिकाऱ्याकडून कवायत करून घेतली. दोन्ही गोष्टी एकमेकींना लागत होत्या. समोर पक्की फौज असेल तर शत्रूला एकत्र राहावं लागतं, विखुरता येत नाही. एकत्र राहिला की गावं मोकळी राहतात आणि तिथे मिलिशियाचं राज्य. दोन्ही सांभाळायची एवढी माणसं ब्रिटनकडे कधीच नव्हती.

‘म्हणजे नुसतं टिकून राहिलं की झालं?’

नाही. यासाठी लांब जायला नको. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला हार झाल्यावर दुसरा बाजीराव काही महिने फौजेसह फिरत राहिला, जून १८१८ मध्ये माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याला शरण गेला. तोही निसटत होता, टिकत होता. पण बाहेरून कुणाचं आरमार येणार नव्हतं. आणि एल्फिन्स्टननं फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्याहून काढलेल्या जाहीरनाम्यात वतनं, इनामं चालू ठेवायचं आश्वासन दिलं. क्लिंटनच्या जाहीरनाम्याच्या शेजारी हा कागद ठेवून पाहावा. एकानं गप्प बसलेल्यांना उठवलं, दुसऱ्यानं उठू शकणाऱ्यांना गप्प बसवलं. त्या वेळी हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज. हाच आपला हॉबकर्क्स हिलचा लॉर्ड रॉडन.

स्वातंत्र्य मिळालं ते कुणाला, हाही प्रश्न रास्त आहे. ‘बंडखोर मालकाला सोडून या, मोकळे करू’ असं ब्रिटिशांनी जाहीर केल्यावर हजारो गुलाम त्यांच्याकडे पळाले. इरोक्वॉय या मूळ रहिवाशांच्या राष्ट्रांची गावं आणि पिकं १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्याच हुकुमावरून जाळली गेली. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर या युद्धातले जिंकणारे आणि हरणारे वेगळेच निघतात.

तेव्हा पुण्यात काय चाललं होतं

हेच युद्ध चालू असताना इंग्रज मराठ्यांशीही लढत होते. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात नाना फडणविसांकडे येऊन राहिला, आणि मुंबई-कलकत्त्याच्या इंग्रजांची झोप उडाली. मुंबईची फौज जानेवारी १७७९ मध्ये बोरघाट चढून तळेगावपर्यंत आली. तळेगाव जाळून रिकामं केलेलं. दाणा नाही, चारा नाही, मागची वाट तुटलेली. जड तोफा तळ्यात टाकून रात्रीतून मागे फिरलेली ती फौज महादजी शिंद्यांनी वडगावला गाठली आणि तह लिहून घेतला. साराटोगा होऊन सव्वा वर्ष झालं होतं, आणि बर्गॉइनची व मुंबईकर इंग्रजांची चूक एकच होती. फरक असा की वडगावला फौज कैद झाली नाही, तहावर सुटली. कलकत्त्यानं तो तह धुडकावला आणि युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं.

यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. मे १७९१ मध्ये टिपूवर चालून तो श्रीरंगपट्टणच्या दाराशी पोहोचला, पण बैल मरत होते आणि धान्य संपलं होतं. वेढ्याच्या जड तोफा स्वतःच फोडून तो मागे वळला, तोच समोरून मित्र म्हणून येणारी मराठ्यांची फौज दिसली. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन, आणि त्यांच्या पाठोपाठ अख्खा बाजार: धान्य, बैल, कापड, हवं ते. उपाशी इंग्रज शिपाई त्यावर तुटून पडले. व्यापाऱ्यांनी भाव मात्र चांगलेच चढे लावले होते.